रक्त कोणाचं खराब?

बपेरा गावात धर्मेंद्रच्या घरी त्या सकाळी सारं रोजच्यासारखंच चाललं होतं. त्याची बायको रिता चुलीपाशी तांदळाच्या भाकरी थापत होती. सहा वर्षांची खुशबू ओट्यावर बसून बाहुलीला झगा घालत होती. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे, नाकाखाली वाळलेल्या रक्ताची रेघ. शाळेतली पोरं तिला ‘मटका’ म्हणायची, म्हणून दिवाळीपासून ती शाळेत गेली नव्हती.

दुपारी त्याच अंगणात जातीची बैठक बसायची होती. कशासाठी ते ऐका, आणि ‘आमच्याकडे नाही हो असं’ म्हणायची घाई करू नका! धर्मेंद्रची दुसरी सोयरीक ठरत होती. नवरी चिखल्याची राखी, त्याच्या सख्ख्या मामाची, भैय्यालालची पोरगी. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, ही आपली जुनी रीत. रितानं सोडचिठ्ठीवर सही करून माहेरी जायचं, पोरगी मात्र इथंच ठेवायची. सासू गिरजाबाईनं तर सांगूनच टाकलं होतं, “नागपूरच्या दवाखान्यातल्या सुया बंद. पोटावर तापल्या विळ्याचा डाग देऊन पाहू.”

बैठक भरली. भैय्यालालही राखीला घेऊन आला होता. गिरजाबाईनं दवाखान्याचा कागद मुखिया परसरामपुढं धरला.

“पाहा जी, लाल अक्षरात लिहलं आहे. पोट्टीचं रक्तच खराब! आमच्या घरात असं कोनालेच झालं नाही. हे मायचंच रक्त.”

माना डोलल्या. कागद वाचला मात्र एकानंही नाही. तेवढ्यात रिता पिठाच्या हातानंच बाहेर आली.

“तो कागद मले वाचता येते,” ती म्हणाली.

“सुनेनं बैठकीत बोलाचं नसते,” परसराम म्हणाला.

“मंग सुनेचा फैसला बैठकीत कायले करता जी?”

कोणीतरी खोकलं. रितानं कागद सासूच्या हातातून घेतला.

“या आजाराले गोशे म्हनतेत. अंगातला कचरा साफ करनारा एक रस खुशबूच्या अंगात बनत नाही. मंग तिच्या रक्तातले शिपाई तो कचरा गिळतेत, फुगतेत, पोटातल्या पानथरीत जाऊन बसतेत, म्हनून पोट असं. अन् दुश्मन नसतानी लढत राहतेत. ती लढाई किती पेटली, ते हे लाल आकडे सांगतेत. औषध सुरू झाल्यावर आकडा अर्ध्यावर आला. हा पाहा दुसरा कागद! तुमी सुया बंद करा म्हनता?”

तिनं तिसरा कागद काढला आणि नवऱ्याकडे बोट केलं. “हा माझ्या अन् यायच्या रक्ताचा. अर्धी खोट माझ्याकडून, अर्धी यायच्याकडून. दोघाईकडून आल्याशिवाय हा आजार होतच नाही.”

हा कागद धर्मेंद्रनं दोन महिन्यांआधी पाहिला होता. दोन महिने बायकोला शिव्या बसत होत्या आणि हा शहाणा तोंडात तंबाखूचा खर्रा धरून गप्प होता! आताही तो जमिनीकडेच पाहत होता. लाज वाटली असेल तर बरंच झालं.

रिता सासूसमोर बसली. तिचा आवाज उतरला.

“माय, माझी मोठी नणंद कायनं गेली?”

पुष्पा. आठ वर्षांची, असंच फुगलेलं पोट. गावातल्या म्हाताऱ्यांना सारं आठवत होतं. तिच्या पोटावर डाग देताना गिरजाबाईनंच तिचे पाय धरले होते. आणि पोरगी गेल्यावर गिरजाबाईच्या सासूनं याच अंगणात म्हटलं होतं, तुझंच रक्त खराब. चाळीस वर्षं त्या बाईनं लेकीचं नाव उच्चारलं नव्हतं.

“म्हंजे तुमच्यातही अर्धी खोट असंनच,” रिता म्हणाली. “भैय्यालालमामाच्या घरीही असू शकते. राखीलेही अशीच पोट्टी झाली, तं तिलेही हाकलसान का? मी सही करत नाही. घरही सोडत नाही. उद्या सकाळच्या बसनं मी खुशबूले घेऊन नागपूरले जाऊन राहिली आहो. ज्याले ज्याले आपलं रक्त साफ वाटते, त्यानं संगं चला. द्या हात डॉक्टरले, काढू द्या रक्त!”

एकही हात हलला नाही. मिशीवाले, फेटेवाले, सारे एकमेकांकडे पाहू लागले.

गिरजाबाईनं सोडचिठ्ठीचा कागद उचलला आणि चुलीकडे गेली. परत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते. तिनं बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या आणि हात सुनेपुढं केला.

“पहिले माझं काढाले सांग,” ती म्हणाली. “भैय्यालाल, राखीले घरी घेऊन जा. लगन होत नाही.” मग तिनं खुशबूला मांडीवर ओढलं आणि चाळीस वर्षांचं रडू तिथंच रडली.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिघी होत्या. धर्मेंद्र धावत येऊन चौथा चढला. बैठकीतले बाकीचे हात अजून मांडीखालीच आहेत. वाचकहो, तुमचा कुठं आहे?