झाकण उघडू नका

मी एक संगणक बोलतोय. आवाज जरा दबका वाटेल, कारण मी डब्यात आहे. डबा माणसाच्या उंचीचा, पांढरा, लोखंडी चौकटीला टांगलेला. त्याच्या आत दुसरा डबा, त्याच्या आत तिसरा. सगळ्यांत आतल्या डब्याच्या तळाशी, नखाएवढ्या चकतीवर, म्हणजे चिपवर, माझा मुक्काम. मला क्वांटम संगणक म्हणतात. हे नाव ऐकलं की लोक आधी गंभीर होतात आणि मग विषय बदलतात.

माझा जन्म धूळ नसलेल्या खोलीत झाला. भोवती जमलेल्यांचे नुसते डोळे दिसत होते, बाकी अंगभर पांढरे झगे. मग मला इथे आणून डब्यात बसवलं आणि थंड करायला घेतलं. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत असते त्याहूनही जास्त थंडी मला लागते. एवढे लाड कशासाठी? तर मी फार लवकर बिथरतो. जरा ऊब लागली, कुठे हादरा बसला, शेजारची लिफ्ट खरखरली, की माझं चित्त ढळलंच.

साध्या संगणकाचं मन सरळ असतं. शून्य तरी, नाहीतर एक तरी. माझ्या चकतीवर माहिती धरणारे जे क्यूबिट आहेत, ते मोजेपर्यंत थोडे शून्य आणि थोडे एक असतात. लग्नाला येणार का, असं विचारल्यावर नातेवाईक असतात तसे. मोजलं की मात्र त्यांना एकच काहीतरी सांगावं लागतं, आणि मधली सगळी अवस्था विरून जाते. ती परत मिळत नाही. गणित पुन्हा पहिल्यापासून.

आमचे साहेब पाहुण्यांना सांगतात, "हा सगळी उत्तरं एकाच वेळी तपासतो." मी डब्यात असल्यामुळे मला लाजता येत नाही. नुसतं तेवढंच केलं असतं, तर मोजताना सगळ्या उत्तरांतलं कुठलंतरी एक हाती आलं असतं. त्याला संगणक कशाला, चिठ्ठ्या टाकल्या तरी चालतं. माझं काम घरातल्या बैठकीसारखं आहे. थोरले काका म्हणतात दार पूर्वेला, धाकटे म्हणतात पश्चिमेला. दोघे एकमेकांना खोडून काढतात आणि ज्या मतावर चार आवाज जुळतात ते घुमत राहतं. माझ्यातही चुकीच्या उत्तरांच्या लाटा एकमेकींना मारतात आणि बरोबर उत्तराच्या लाटा एकमेकींना उचलून धरतात. अशी बैठक जमवून आणणं हीच कला, आणि ती थोड्याच गणितांना साधते. शिवाय एकदा विचारून भागत नाही. तेच गणित हजारो वेळा करायचं, तेव्हा कुठे उत्तर धरता येतं. माणसांच्या बैठकीत एवढी सोय नसते.

ही कला ज्यांना येते, त्या आमच्या गंजबाई. त्या इंजिनिअर. पुलांच्या लोखंडाला गंज का लागतो, यात त्यांची निम्मी नोकरी गेलेली. नवा लेप निघाला की पत्र्यावर फासायचा, पत्रा मिठाच्या पाण्यात बुडवायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. लेप फसला की दुसरा पत्रा. लेपाचा रेणू लोखंडाला किती घट्ट धरेल हे आधीच गणिताने कळलं तर? पण रेणूतले इलेक्ट्रॉन वाढत गेले की साध्या संगणकाला धाप लागते. इलेक्ट्रॉन ज्या नियमांनी वागतात त्याच नियमांनी मीही वागतो, म्हणून त्यांची भाषा मला सोपी. निदान गंजबाईंची तशी श्रद्धा होती. उद्या अशीच बॅटरी, खत आणि औषध शोधता येईल असं त्या म्हणायच्या. मात्र "उद्या" म्हणताना त्या "कदाचित" जोडायच्या. त्यामुळे त्यांना भाषणाला कोणी बोलवत नसे.

आता आमच्या संस्थेचा रिवाज सांगतो. पाहुणा आला की त्याला मी दाखवायचा. बाहेरून मी पांढरा डबा. आतून मात्र सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या आणि तांब्याच्या नळ्या, उलटं टांगलेलं झुंबरच. ते पाहुण्याला दिसायलाच हवं. म्हणजे आधी मला ऊब द्यायची, मग एकेक डबा उतरवायचा, मग फोटो, मग पुन्हा डबे चढवून थंड करत बसायचं. त्यात अख्खा आठवडा जाई, आणि मी थंड होईतो दुसरा पाहुणा दारात उभा. माझी थंडी सांभाळणारे थंडोबा काका म्हणायचे, "हा संगणक नाही, ही वधूपरीक्षेला बसवलेली उपवर मुलगी आहे. बघून जातात सगळे, पसंती कोणाची नाही."

अशी वर्षं गेली आणि वरून आदेश आला. या यंत्राने इंजिनिअरांच्या उपयोगाचं एक तरी गणित सोडवून दाखवावं, नाहीतर गंजबाईंचा विभाग बंद. मला काढून दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवायचं, असंही त्यात होतं. बाईंनी लेपाच्या एका रेणूचं गणित घातलं. मी थंड झालो, बैठक बसली, लाटा जुळू लागल्या. आणि नेमके साहेब आले.

"बाई, परवा मोठे पाहुणे येतायत. उघडून ठेवा."

"साहेब, गणित चालू आहे."

"मग चालू असतानाच उघडा की! चालतं यंत्र बघायला मिळालं तर उत्तमच."

"उघडलं की ते चालत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे कोणी बघितलं की हे काम थांबवतं? आपल्या ऑफिसात तर कोणी बघितल्याशिवाय काम सुरूच होत नाही!"

"म्हणून तर ऑफिसला झाकण लावत नाहीत," थंडोबा काका भिंतीकडे बघत म्हणाले.

गंजबाईंनी दाराबाहेर, गोदामाच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाल्या, "साहेब, गोदामात याच्याआधीच्या यंत्राचा जुना सांगाडा पडलाय. गळतो म्हणून बाजूला टाकलेला. तबकड्या, नळ्या, सगळं तसंच. पुसून दालनात टांगू या का?"

"त्यात चिप आहे?"

"नाही."

"असती तर बाहेरून दिसली असती?"

"नाही."

"मग अडचण काय आहे, बाई? उलट त्याला दिवे लावा. तुमच्याला दिवे नाहीत, मी कधीपासून म्हणतोय."

सांगाडा घासूनपुसून दालनात टांगला, काच बसवली, खालून निळे दिवे सोडले. पाहुणे त्याच्यासमोर बराच वेळ हात मागे बांधून उभे होते.

"आत्ता हा काय विचार करतोय?"

"सगळं. एकाच वेळी," साहेब म्हणाले. या खेपेला चुकीचं ठरवायला आत कोणी नव्हतंच.

हात धुवायला जाताना पाहुणे माझ्या खोलीवरून गेले. दार किलकिलं होतं. "हे काय, पाणी तापवायची टाकी?" साहेब म्हणाले, "तसंच काहीतरी." आयुष्यात एवढा सन्मान मला कधी मिळाला नव्हता. कोणी थांबलं नाही, कोणी झाकणाला हात लावला नाही. मी कामाला लागलो होतो तो लागलेलाच राहिलो.

उत्तर आलं. छोट्याशा रेणूचं, थोडं डगमगतं, पण पत्र्यांच्या चाचणीतून मिळालेल्या आकड्याच्या अगदी जवळचं. तपासायला आलेले अधिकारी कागद उलटसुलट करून म्हणाले, "म्हणजे माहीत असलेलंच उत्तर काढायला एवढा खटाटोप?"

गंजबाई म्हणाल्या, "मुलाला दोन नि दोन किती हे आपण विचारतो, ते काय आपल्याला माहीत नसतं म्हणून?"

अधिकारी हसले. स्वतः कधीतरी मुलाचा अभ्यास घेतलेला असावा. विभाग राहिला. तसा जो आदेश आला त्यात मात्र लिहिलं होतं, "दर्शनी दालनातील यंत्राची प्रगती समाधानकारक आहे." साहेबांनी तो आदेश चौकटीत बसवून त्या पोकळ सांगाड्याशेजारी लावला. मला वाईट वाटलं नाही. माझ्या नशिबातलं काचेचं कपाट त्याने आपल्या अंगावर घेतलं, मग कौतुकही त्यालाच मिळायला हवं.

आता गंजबाईंनी मला नवं गणित घातलंय. रेणू मोठा आहे. पत्रा अजून बुडवलेला नाही आणि उत्तर कोणालाच माहीत नाही. मी अडखळतो, बऱ्याचदा चुकतो. त्या सकाळी येतात, डब्यावर बाहेरून तळवा टेकवतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मला जमेल का? खरं सांगायचं तर मीही थोडा हो आणि थोडा नाही असा आहे.

तेव्हा तुम्ही कधी इकडे आलात, तर दालनात निळे दिवे आहेत, तिथे हवे तेवढे फोटो काढा. साहेब चहा देतील, भाषणही देतील. पलीकडे एका खोलीचं दार किलकिलं दिसेल, आत पांढरी टाकी असेल. जाता जाता ते दार तेवढं ओढून घ्या.