आप्पांना विष

मृणाली रत्नागिरीला आली त्याला बावीस दिवस झाले होते आणि तिला एकही मैत्रीण मिळाली नव्हती. आप्पांनी दिवस मोजले होते. एसटीत तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली की माणूस मोजतोच.

मुलगा दीपक बोटीवर, सून वेदिका मुंबईला हॉस्पिटलात पाळ्या करणारी. आठ वर्षांची नात मे महिनाभरात आजोबांकडे रमली, तर जूनपासून शाळा इथेच. नाही तर पाचगणीचं वसतिगृह. फॉर्म भरून तयार होता. तो फॉर्म आप्पांना नको होता, पण ते कबूल करण्याइतके ते म्हातारे झाले नव्हते.

नाचणे रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत पोरं होती. खेळायला मात्र बंदी होती. सेक्रेटरी या नात्याने आप्पांनीच जिन्याखाली पाटी लावली होती: ‘आवारात पळणे, ओरडणे, एकमेकांच्या अंगाशी झटणे यास सक्त मनाई.’

म्हणून त्यांनी नातीसाठी रीतसर ओळख कार्यक्रम ठेवला. गच्चीवर सात खुर्च्या, दोन खुर्च्यांत हातभर अंतर. प्रत्येकाने नाव, इयत्ता, छंद सांगायचा. शुभंकरने ‘आंघोळ टाळणे’ हा छंद सांगितला. अक्षयाने सरबत दोनदा घेतलं. मृणाली नाव सांगून चपलांकडे बघत बसली. बारा मिनिटांत सगळं आटोपलं.

कामाला येणारी सखू ग्लास गोळा करत म्हणाली, “ओ आप्पा, पोरां काय एस्ट्या हायत, एकेका फलाटावर लावून ठेवायला?”

“शिस्त लागते, सखू.”

“शिस्तीन मैत्री होती तर तुमचेय चार मैतर असते की.”

आप्पा खुर्च्या एकात एक रचायला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्किंगमधून आरडाओरडा आला. आप्पांच्या झोपेच्या वेळात पोरं रोजच खेळत. आज झोप लागली नव्हती एवढंच. बनियनवर, लुंगी सावरत ते खाली उतरले. विषामृत रंगात आलं होतं. राज्य शुभंकरवर. त्याचा हात लागला की विष, जागेवर पुतळा व्हायचं. दुसऱ्या कुणी येऊन हात लावला की अमृत, सुटका.

“काय चाललंय हे?” म्हणत आप्पा मध्ये घुसले आणि शुभंकरचा घामट पंजा त्यांच्या पोटावर सपकन बसला.

“विष!”

पोरं गार पडली. आप्पांनी आता ओरडायला हवं होतं. पण हात लागला होता, सहा साक्षीदार होते आणि नियम म्हणजे नियम. एक हात हवेत, दुसरा कमरेजवळ, असे ते थिजले.

“हललात तर बाद हां, आप्पा,” शुभंकर आधी चाचरत म्हणाला. मग त्याला मजा वाटायला लागली.

अमृत द्यायला कोणी येईना. सेक्रेटरीला सोडवून स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेणार? इतक्यात लुंगीची गाठ सैल झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगुबाई ताजे बांगडे भरलेली पिशवी घेऊन बाजारातून येत होत्या. मासळीचा वास आधी पोचला, मागून आवाज.

“मेल्यांनो, सोडवा त्यांना! लुंगी चालली!”

आप्पांनी ओठसुद्धा हलवला नाही.

पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मृणालीने हे सगळं पाहिलं. ती अनवाणी धावत खाली आली आणि आजोबांच्या पाठीत धपकन हात मारला. “अमृत!”

आप्पांनी आधी लुंगी धरली. शुभंकर मृणालीच्या मागे लागला होता. अक्षयाने तिचं मनगट पकडून तिला टाकीमागे ओढलं.

“इकडे ये गं, येडे! तिकडे धरतो तो!”

टाकीमागे दोघी एकमेकींना चिकटून, तोंडावर हात दाबून खिदळत होत्या. बारा मिनिटांच्या कार्यक्रमात जे झालं नव्हतं ते एका ओढीत झालं. आप्पा गुपचूप जिना चढले.

सहाला मृणाली वर आली. ढोपर फुटलेलं, एक वेणी सुटलेली, फ्रॉकवर कोणाची तरी काळी बोटं.

“अक्षया खोटारडी आहे! माझा हात लागला होता तिला!” घटाघट पाणी पिऊन ती परत पळाली.

तेवढ्यात वेदिकाचा फोन. “आप्पा, रमतेय का हो? नाही तर फॉर्म उद्या पाठवते.”

“आज भांडली. ढोपर फोडून घेतलंन.”

“अगंबाई! मग न्यायला येऊ का?”

“नको. इथल्या शाळेचं बघ,” आप्पा म्हणाले. “हे भांडण एका सुट्टीत मिटणारं नाही.”