शेडमधली गाडी

वादळाने विजेचे खांब आडवे केले होते आणि वीजवाल्यांनी 'संध्याकाळपर्यंत येईल' असं ठोकून दिलं होतं. कोणत्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत, हे मात्र गुलदस्त्यातच ठेवलं होतं. सुनेकडे तेवढा वेळ नव्हता. आतल्या खोलीत सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या, आणि मशीन विजेवर.

म्हणून तिने शेडमधली हायब्रिड गाडी चालू केली. नवरा मेकॅनिक होता. अपघातात चेपलेली ही गाडी त्यानेच भंगारातून उचलून उभी केली, डिकीत इन्व्हर्टर बसवला, तिथून आईच्या खोलीपर्यंत जाड वायर ओढली आणि बायकोकडून सगळं तीनतीनदा करून घेतलं. आधी शेडचं दार सताड उघडायचं, मग गाडी, मग वायर. "मी घरी नसलो तर अडायला नको," म्हणाला होता. घरी नसलो म्हणजे गॅरेजात असलो, एवढंच त्याच्या मनात. गेल्या वर्षी त्याच गॅरेजात, एका गाडीखालून बाहेर सरकताना, त्याचं हृदय बंद पडलं.

ही गाडी चालू असली तरी गप्प असते. बॅटरी उतरली की मात्र इंजिन आपलं आपण सुरू होतं, थोडा वेळ घुरघुरतं आणि थांबतं. सुनेला हे ठाऊक होतं. तरी पहिल्यांदा घुरघुरलं तेव्हा तिने गॅसवर चहाचं आधण ठेवलं, दोन कपांचं. नवरा कामावरून याच गाडीने घरी यायचा, आणि इतकी वर्षं त्या आवाजाला ती तेच करत आली होती. पाणी उकळायला लागल्यावर लक्षात आलं आणि तिने गॅस बंद केला.

"आला गं!" आतून सासूबाई म्हणाल्या.

घरच्यांची चूक इथे नडली. सासूबाईंच्या डोक्यात आता काही राहत नसे. मुलगा गेल्याचं सांगितलं की ऊर फुटेस्तोवर रडायच्या, आणि झोपून उठल्या की पुन्हा तेच विचारायच्या. शेवटी नणंदेने आणि सुनेने ठरवलं, 'कामावर गेलाय' म्हणायचं. वर्षभर बिनबोभाट चाललं. आता कामावर गेलेला माणूस घरी आला होता.

सून आत पोचेपर्यंत म्हातारी नाकातली नळी काढून, भिंत धरून दाराकडे निघाली होती. ओठ निळे पडले होते.

"आई, कुणी आलेलं नाही. इंजिन आहे ते, आपोआप सुरू होतं."

"गाडी आपोआप येते होय? मला शिकवतेस?"

दुपारभर हेच चाललं. इंजिन, 'आला गं', काढलेली नळी. गाडी बंद करावी तर मशीन बंद. चालू ठेवावी तर सासूबाई उठणार. वैतागून सुनेने खरं काय ते सांगून टाकलं. "आई, ते गेले हो. आता यायचे नाहीत." सासूबाई रडल्या, रडता रडता धाप लागली, छातीचा भाता झाला. सून त्यांची पाठ चोळत बसली आणि मनात स्वतःला शिव्या घालत राहिली. तेवढ्यात शेडमध्ये इंजिन सुरू झालं.

"आला गं," डोळे पुसून सासूबाईंनी नळीला हात घातला.

सुनेने तो हात घट्ट धरला. "हो, आले. गाडीतच बसलेत. आईने नळी काढली तर घरात पाऊल टाकणार नाही म्हणतात."

"हट्टी आहे, लहानपणापासून," सासूबाई खुशीत म्हणाल्या आणि शहाण्यासारख्या आडव्या झाल्या. "पण तू हाक तरी मार. किती वेळ बाहेर बसवून ठेवणार त्याला?"

त्या बघत होत्या, त्यामुळे तिला दारापर्यंत जावंच लागलं.

"अहो," ती म्हणाली. तो गेल्यापासून हा शब्द तिने उच्चारला नव्हता. समोर उघड्या शेडमध्ये गाडीतली ड्रायव्हरची सीट त्याच्या पाठीला सोयीची अशी मागे रेललेली होती, रिकामी. "अहो, या ना आत." उत्तर येणार नाही हे कळत असूनही ती थांबली. भीती वाटायला हवी होती. तिला राग आला, हा माणूस उतरत का नाही म्हणून.

"काय म्हणतोय?" आतून आवाज आला.

"येतो म्हणाले."

सासूबाईंचा श्वास हळूहळू संथ झाला. ऊन कलता कलता पंखा फिरायला लागला. शेजारचा न्हावी कुंपणावरून ओरडला, "वहिनी, लाइट आली! गाडी बंद करा, उगीच पेट्रोल जळतंय!"

तिने मशीनचा प्लग भिंतीत लावला. नळी नाकात आहे, सासूबाई गाढ झोपल्यात, हे दोनदा पाहिलं. मग शेडमध्ये आली. इंजिन गप्प होतं. पेट्रोलचा काटा तळाला टेकला होता. बंद करायच्या बटणावर तिने बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

बॅटरी लवकर उतरावी म्हणून तिने गाडीचे सगळे दिवे लावले, एसी पूर्ण वाढवला, आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन वाट बघत बसली.