चौथं शील तीनदा

ही २०११ सालची गोष्ट. आषाढ पौर्णिमेला दवनीवाड्याच्या आमच्या विहारात बायामाणसं धानाच्या रोवणीचं काम अर्ध्यावर टाकून आली होती. पुढे माझ्या मुलाचे, अश्विनचे बाबा, म्हणजे माझे मालक देवीदास, बसले होते. वीस वर्षं पंचशील तेच सांगायचे. ते एक शील म्हणत, आम्ही सगळे मागून म्हणत असू.

त्यांनी चौथं शील म्हटलं, खोटं न बोलण्याचं. आम्ही मागून म्हटलं. त्यांनी परत चौथंच म्हटलं. आम्हीही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं, तेही म्हटलं. कोणी थांबवलं नाही, कारण पुढचा जे म्हणेल ते मागच्यांनी म्हणायचं, हीच आमची रीत. मग त्यांनी हात जोडून ‘साधु, साधु’ म्हटलं. दारू न पिण्याचं पाचवं शील राहूनच गेलं.

बाहेर चपला घालताना सुखराम म्हणाला, "काऊन दादा, पाचवं गाळलं? आज आमाले सूट हाय का गा?"

सुखरामचं पिणं गावाला ठाऊक होतं. सगळे हसले, हेही हसले. रस्त्यात मात्र मला विचारलं, "तो कायले हसून राहिला होता वो?"

पाचवं शील गाळलं, हे त्यांना आठवतच नव्हतं.

असं होईल हे सांगणारं कोणी नव्हतं असं नाही. तीन वर्षांआधी उपकेंद्रातल्या अल्का सिस्टरनं यांचं बीपी मोजलं होतं. एकशे नव्वद. "गोळी रोज द्या, मीठ कमी करा, तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करा. राईस मिलमधल्या कामाच्या आवाजानं यांचे कान गेले, तेही दाखवा. बीपी असंच राहिलं तर मेंदूच्या बारीक नसा खराब होतात, विसर पडतो." मी मान हलवली. पण घरी आल्यावर वाटलं, दुखणं नसताना औषध कायले? ज्या दिवशी डोकं दुखे, त्या दिवशीच मी गोळी द्यायची. होळीला आणलेलं महिन्याचं पाकीट पोळ्यापर्यंत पुरलं, याचं मला कौतुकच वाटलं होतं. खर्रा चालूच होता, भातावर वरून मीठही.

त्या पौर्णिमेनंतर मी आणखी एक चूक केली. अश्विन म्हणाला, "बाबा, आता आराम करा." मलाही तेच हवं होतं. ज्या माणसाच्या मागून सारं गाव म्हणत होतं, त्याला गावानं हसावं, हे मला बघवणार नव्हतं. रविवारच्या वंदनेसाठी ते पांढरा सदरा घालून तयार होत आणि मी म्हणे, "आज विहार बंद हाय." खोटं न बोलण्याचं शील ज्यांनी वीस वर्षं सांगितलं, त्यांच्याशी मी दर रविवारी खोटं बोलले.

दिवाळीपर्यंत त्यांनी विचारणं सोडलं. होळीच्या सुमारास आमच्याच बांधावरून त्यांना घराची वाट सापडेना.

तेव्हा अल्का सिस्टर घरी आली. आधी बीपी मोजलं, मग गोळ्यांचं पाकीट मागितलं. "हे कधीचं?"

"सिस्टर, यायचं डोकं दुखत नव्हतं ना."

"बीपी दुखून सांगत नाही, अन्नपूर्णाबाई. आणि यांना घरात काऊन कोंडलं?"

"लोक हसतात."

"हसू द्या. चार माणसांत बसले तर चार शब्द तरी बोलतील. इथं भिंतीशी काय बोलतील?"

दुसऱ्या दिवशी मी सुखरामला गाठलं. "येत्या रविवारी यायले आणून राहिली. हसलास तर याद राख."

तो खाली बघत म्हणाला, "वयनी, मीच बाजूला बसतो ना."

त्या रविवारपासून आमच्या विहारात पुढे कोणी सांगायचं नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं. हे दुसऱ्या रांगेत बसले. सगळ्यांच्या आवाजात त्यांचे ओठ हलले आणि पाचही शीलं नीट आली. मला रडू आलं.

घरी आल्यावर सदरा काढताना ते म्हणाले, "आज विहार बंद नव्हता?"

मी म्हटलं, "नव्हता. कधीच नव्हता."

त्यांनी सदऱ्याची घडी घालून माझ्या हातात दिली.

गोळी रोज सुरू झाली, चालणं सुरू झालं. तीन वर्षं ते विहारात येत राहिले, शब्द मात्र दरवर्षी कमी होत गेले. शेवटी मला ‘बाई’ म्हणत, पाहुणीला म्हणावं तसं. २०१५ च्या हिवाळ्यात ते गेले. सुखरामची दारू सुटली नाही. दोन वर्षांनी त्याला लकवा मारला, आता तो ओट्यावर बसून असतो. अल्का सिस्टरची चिचगडला बदली झाली. जाईपर्यंत दर पौर्णिमेला ती विहारात बीपीचं मशीन घेऊन बसायची आणि वंदनेनंतर बायामाणसं तिच्यासमोर रांग लावायची. अश्विनला अडतिसाव्या वर्षीच बीपी निघालं. तो गोळी घेतो; खर्रा दोनदा सोडला, दोनदा धरला.

गोंदियाच्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं होतं, सिस्टरनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हापासून गोळी रोज दिली असती तर? ते म्हणाले, कदाचित विसरणं तरीही आलं असतं, पण उशिरा. किती उशिरा, ते त्यांना सांगता आलं नाही.