माझ्या अंगावरचा वेलिकाचा कागद

मी एक जुने ओकच्या लाकडाचे फाटक आहे. जुने म्हटले म्हणून माझी कीव करू नका, मित्रांनो. माझ्यानंतर गावात आलेली लोखंडी फाटके गंजून भंगारात गेली. मी अजून माझ्या बिजागऱ्यांवर ठाम उभे आहे.

दोब्री सुताराने मला त्याच्या लग्नाच्या वर्षी घडवले. त्याची नवी नवरी वेलिका अंगणात उभी राहून चुका काढत होती.

"अरे दोब्री, ते डावीकडं कलतंय!"

"कलत नाही. तूच वाकडी उभी आहेस."

तिचेच खरे ठरले. मी आजही जरा डावीकडे कलते.

पुढची पन्नास वर्षे वेलिकाने मला हाताने कमी आणि पायाने जास्त उघडले. तिचे हात कधी रिकामेच नसत. एका हातात भाजलेल्या लाल मिरच्यांची परात, दुसऱ्या काखेत लेक नेवेना. पुढे त्याच काखेत नेवेनाची लेक दारा आली. दर वसंतात ती मला हिरवा रंग द्यायची आणि रंग देता देता शेजारच्या गेनाशी भांडायची. गेनाच्या कोंबड्या, गेनाचे अक्रोडाचे झाड, विषयांना तोटा नव्हता. संध्याकाळी मात्र चीज भरलेली गरम बानित्सा घेऊन तिच्याच दारात हजर.

"खा गं, म्हणजे उद्या भांडायला अंगात बळ राहील."

"मीठ कमी आहे," असे म्हणत गेना ताटली चाटूनपुसून साफ करायची.

दोब्री गेला. नेवेना संसाराला शहरात गेली. वेलिकाचे गुडघे दुखू लागले आणि माझा रंग थांबला. माझे पोपडे निघाले, एक फळी तडकली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण वेलिका रोज येऊन मला पाठ टेकायची आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायची. रंगापेक्षा मला तेच जास्त आवडायचे.

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. आमच्याकडे माणूस गेले की त्याच्या फोटोचा छापील कागद घराच्या फाटकावर लावतात. चाळीसाव्या दिवशी दुसरा लावतात, वर्षाने तिसरा. नेवेनाने छापखान्यातल्या नमुन्यावरून मजकूर उतरवून आणला होता: 'मितभाषी, सोशिक, प्रेमळ माता व आजी.' फोटो तिशीतला, केस चापूनचोपून बसवलेले.

दारा म्हणाली, "आई, आजी आणि मितभाषी? अगं, ती कुजबुजली तरी पाद्रीबाबा प्रार्थना थांबवून मागं बघायचे."

"गप्प बस. माझी आई भांडखोर होती, असं मीच चारचौघांत लिहू? लोक काय म्हणतील?"

लोक काहीच म्हणाले नाहीत. येत, वाचत, छातीवर क्रूस काढत आणि पुढे जात. माझ्यापाशी थांबून वेलिकाची आठवण कुणी काढली नाही. गावात एखाद्याविषयी बोलणे थांबले की ते माणूस दुसऱ्यांदा जाते. मी पाहत होते आणि माझा जीव तुटत होता.

चाळीसाव्या दिवशी नेवेना आईच्या नावाने शेजाऱ्यांना वाटायला उकडलेल्या गव्हाचे भांडे घेऊन माझ्या आतल्या बाजूला उभी होती, शेजारी दारा. काखेत दुसरा कागद होता, मजकूर तोच. तेवढ्यात मेंढपाळ मितको हिवाळाभर दूरच्या कुरणात राहून परतला. कागदावरचे नाव पावसाने धुऊन गेले होते. त्याने उरलेला मजकूर वाचला, फोटो निरखला आणि आत हाक मारली,

"ए वेलिका! तुझ्या फाटकावर कुणा परक्या बाईचा कागद चिकटवलाय बघ! बाहेर ये आणि झाप त्यांना!"

नेवेनाने मला उघडले. तिचा चेहरा पाहून मितकोला सगळे कळले. त्याने टोपी काढली.

"दारा," नेवेना म्हणाली, "माझी आई मीच पुसून टाकली गं."

मग तिने नवा कागद उलटा केला आणि माझ्यावरच चिकटवून जाड पेनाने लिहिले: 'वेलिका. हिने गल्लीतल्या प्रत्येकाशी एकदा तरी भांडण केलं आणि प्रत्येकाच्या घरी एकदा तरी गरम जेवण पोचवलं. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने आत येऊन सांगावं.'

मितको पहिला आत गेला. मग पोस्टमन, मग पाववाली. प्रत्येकाला आपापले भांडण सांगायचे होते. अंगणात हशा उठला, रडणेही झाले. सगळ्यात शेवटी गेना आली आणि कागदावर बोट आपटू लागली.

"साफ खोटं! एकदा? माझ्याशी रोज भांडायची ती! रोज!" आणि मला धरून ती हुंदके देऊ लागली. "आता मी कुणाशी भांडू गं नेवेना?"

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या लाकडाला जरूर रंग द्या. पण आपल्या माणसांना रंग लावू नका. ती जशी होती तशीच जपा, आवाजासकट.

माझ्यावरचा कागद आता उन्हाने पिवळा पडला आहे. पण गेना रोज बाजाराला जाताना माझ्यासमोर थांबते, कमरेवर हात ठेवून कागदाला चार शब्द सुनावते आणि उत्तराची वाट पाहत थोडा वेळ उभी राहते.