मान डोलावणारं घर

भाच्याच्या सासूबाई व्हायच्या होत्या त्या बाई वकील. डोळ्यांनी दिसत नाही, सोबत वाट दाखवणारा कुत्रा. पहिल्यांदाच ताईच्या घरी येणार म्हणून भाच्याने आठवडाभर सगळ्यांची तालीम घेतली. कुत्र्याला हात लावायचा नाही, यू-यू करायचं नाही, खायला टाकायचं नाही, बाईंचा हात धरून ओढायचं नाही. मला ताईने वरून एक खास कलम लावलं: तू तोंडच उघडायचं नाहीस. माझ्या थट्टेने याआधी एक सोयरीक मोडलीय, असा तिचा ठाम समज आहे.

बाई आल्या. दारात सगळ्यांनी शाळेतल्या हजेरीसारखी आपापली ओळख सांगितली. माझी ताईनेच उरकली. कुत्रा टेबलाखाली बसला. भावोजींनी पाय खुर्चीवर घेतले. कुत्र्याकडे बघायचं की नाही हे कुणालाच आठवेना, म्हणून सगळे छताकडे बघत बसले.

चहा झाल्यावर बाईंनी सरळ विचारलं, "माझी मुलगी तुम्हाला मनापासून पसंत आहे ना?"

ताईने मान डोलावली. भावोजींनी डोलावली. भाच्याने तर इतकी, की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मीही डोलावली, कलम पाळून.

बाई थांबल्या. चेहरा उतरला. "समजलं," म्हणाल्या आणि कुत्र्याच्या पट्ट्याचा दांडा धरून उठल्या.

मला कळेना, होकार मिळाल्यावर ही बाई निघाली कुठे? ताई माझ्याकडे बघतेय, जणू मीच काही केलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"बाई, बसा. इथे सगळे मुंडी हलवताहेत."

"कोण बोलतंय?"

"मुलाचा मामा. मला बोलायला बंदी आहे."

"मग आता कसे बोललात?"

"बाकीच्यांची वाचा गेलीय."

बाई हसल्या, बसल्या. म्हणाल्या, आता एकेकाने तोंडाने सांगा. ताई "हो" म्हणाली आणि रडायलाच लागली. भाचा दोनदा म्हणाला. भावोजी "हो" म्हणाले ते टेबलाखालच्या कुत्र्याकडे वाकून, आवाजही तिकडेच गेला.

"मला सांगा," बाई म्हणाल्या, "तो लग्नाला नुसता येणार आहे."

मग त्यांनी पट्टा काढला. आता याची सुट्टी, लाड केलेत तरी चालतील, म्हणाल्या. कुत्र्याने थेट ताईच्या मांडीवर डोकं ठेवलं. ताई दोन्ही हात वर करून, पोलिसांनी पकडल्यासारखी.

"हे तालमीत नव्हतं," ती मला कुजबुजली. "आता काय करू?"

मी नुसती मान डोलावली.