अकराचा चहा

अकरा वाजले की बायकोच्या खोलीतून हसणं ऐकू यायचं आणि लिफ्टवाल्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

लिफ्टवाला म्हणजे तिचा नवरा. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून नुकताच निवृत्त झालेला. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्या माणसाशी बोलायला तीन शब्द पुरतात: वर, खाली, थांब. तेवढ्यावर त्याची नोकरी झाली आणि खरं सांगायचं तर संसारही. बायको विमा कंपनीत एका टीमची प्रमुख. टीममधले निम्मे लोक ऑफिसात, निम्मे हिच्यासारखे आपापल्या घरी. घरून काम करणाऱ्यांना वाटायचं, ऑफिसातले आपल्यामागे काहीतरी ठरवतात. ऑफिसातल्यांना वाटायचं, घरचे लोळतात. माणसं एकमेकांना परकी व्हायला लागली, म्हणून हिने अकराचा चहा काढला. सगळ्यांनी आपापला कप घेऊन स्क्रीनसमोर बसायचं, कामाचं अवाक्षर काढायचं नाही आणि कोणीतरी घरातली एक गोष्ट सांगायची, बस्स.

टीम जुळली. लिफ्टवाल्याच्या मात्र पोटात दुखायला लागलं.

त्यातही ऑफिसातला एक घोगऱ्या आवाजाचा माणूस त्याच्या डोक्यात गेला होता. तो काही बोलला की बायको अशी हसायची, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे. घरात तिचा चष्मा असा शेवटचा कधी उतरला होता, हे लिफ्टवाल्याला आठवेना. त्याने मुकाट्याने तिच्या खोलीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दार आवाज न करता बोटभर उघडायला लागलं आणि हे महाशय रोज अकराला त्या फटीला कान लावून उभे! हातात फडकं, म्हणजे कोणी पाहिलंच तर धूळ झटकतोय म्हणायला मोकळे.

एके दिवशी कळलं की तिचा गुडघा दुखतो. म्हणजे घोगऱ्याला तिने सांगितल्यामुळे कळलं आणि याला फटीतून. दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. ती म्हणाली, “मी आता सगळेच दिवस ऑफिसला येणार. घरी भिंतींशी किती बोलू?”

“या ना ताई, तुमची खुर्ची मी स्वतः पुसून ठेवतो,” घोगरा म्हणाला आणि ती खळखळून हसली.

लिफ्टवाला जळून खाक झाला. खुर्ची पुसतो म्हणे! त्या दिवशी जेवताना त्याने मीठसुद्धा मागितलं नाही.

सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, उरलेसुरले केस चापून बसवले आणि अकराच्या ठोक्याला दोन कप चहा घेऊन सरळ खोलीत घुसला. या घरात नवरा नावाचा माणूस राहतो, हे त्या घोगऱ्याला एकदा कळू दे!

स्क्रीनवरचे सगळे चेहरे एकदम खुलले. “अय्या, भाऊजी!” घरून काम करणारी एक पोरगी ओरडली. “ताई, हेच ना आपले वर-खाली-थांब?”

बायको लाजून कपात बघायला लागली. घोगरा म्हणजे गळ्याभोवती मफलर गुंडाळलेला एक टकला गृहस्थ निघाला. “भाऊजी, इथे चहा फुकट नाही हं,” तो म्हणाला. “गोष्ट सांगावी लागते.”

आता माघार घेतली तर नाक कापलं जाणार. लिफ्टवाल्याने घसा खाकरला. “एकदा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत नवराबायको. वरच्या वकिलाकडे घटस्फोटाला निघालेले. मी घामाघूम होऊन दार उघडलं, तर बाई माझ्यावरच खेकसल्या. म्हणाल्या, दार लावा परत, आमचं बोलणं अजून संपलेलं नाही!”

घोगरा टेबलावर हात आपटून हसला. पोरीला ठसका लागला. बायकोने चष्मा काढला. जिंकलो, असं लिफ्टवाल्याला वाटलं.

मग चहा संपला, चेहरे एकेक करून गेले. बायको अजून डोळे पुसत होती, पण हसत नव्हती.

“ही गोष्ट मला नाही कधी सांगितलीत,” ती म्हणाली. “त्यांना सांगितलीत.”

तो सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. रोज फटीशी उभं असताना त्याच्या स्वतःच्या मनात तोच असायचा. जे तिने केलं म्हणून तो इतके दिवस जळत होता, तेच त्याने आज शर्टाला इस्त्री करून केलं होतं.

कप उचलून स्वयंपाकघरात सटकावं, असं त्याला फार वाटलं. पण तो तिथेच उभा राहिला.

“गुडघा कुठे दुखतो?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दाराआडून ऐकलं. रोज ऐकतो.” एवढं बोलूनच त्याला दम लागला. “सगळेच दिवस जाऊ नकोस. मला करमणार नाही.”

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बिजागऱ्यांकडे. “तरीच म्हटलं, हे दार हल्ली करकरत का नाही.”

शेजारच्या खुर्चीवरची बॅग तिने उचलून खाली ठेवली. “बसा. आणि ते नवराबायको शेवटी वकिलाकडे गेले का, ते आधी सांगा.”